गुळवेलीतील अल्कलॉइडे कशी ओळखावीत

गुळवेलीच्या खोडाची भुकटी घेतली, तिचा अम्लातील अर्क अमोनियाने अल्कधर्मी केला, क्लोरोफॉर्मने हलवला, तो थर आटवून त्यावर मेयरचा अभिकर्मक (अल्कलॉइडांशी साका, म्हणजे तळाशी बसणारा अविद्राव्य पदार्थ, देणारे द्रावण) घातला, तर पुष्कळदा किंचित गढूळपणापलीकडे काहीच दिसत नाही आणि विद्यार्थी वहीत ‘अल्कलॉइड आढळले नाही’ असे लिहून मोकळा होतो. अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त संयुगे, त्या वेळी तिथेच, टाकून दिलेल्या पाण्याच्या थरात असतात. पाठ्यपुस्तकातील ही अम्ल-अल्कली पद्धत कुचला किंवा सिंकोना यांच्यासारख्या वनस्पतींना उत्तम लागू पडते, कारण त्यांतील मुख्य अल्कलॉइडे तृतीयक अमाइन असतात, म्हणजे अल्कलीत त्यांच्या नायट्रोजनवरचा भार जातो; गुळवेलीतील मुख्य अल्कलॉइडे मात्र चतुर्थक आहेत, म्हणजे त्यांच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. पुढे दिलेली पद्धत या एका फरकाभोवती रचलेली आहे आणि ती पदवी किंवा पदव्युत्तर स्तरावरील साध्या प्रयोगशाळेत करता येते. शेवटच्या टप्प्यासाठी तेवढे बाहेरचे उपकरण लागते.

आधी वेल ओळखावी

रसायनाकडे वळण्यापूर्वी हातातली वेल कोणती हे ठरवणे आवश्यक आहे, कारण ‘गुळवेल’ किंवा ‘गिलोय’ या नावाखाली एकाच वंशातील तीन जाती हाती येऊ शकतात. खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, हिची पाने हृदयाकृती आणि गुळगुळीत असतात. खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते, ती नखाने खरवडल्यावर आतून हिरवा रंग दिसतो आणि पृष्ठभागावर वायुरंध्रांचे ठिपके असतात, पण मोठ्या गाठी नसतात. टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीच्या खोडावर मात्र ठळक, चामखिळीसारख्या गाठी असतात. तिची फळे लांबट आणि नारिंगी असतात, तर गुळवेलीची गोल आणि लाल. तिसरी जात टिनोस्पोरा सायनेन्सिस. जुन्या ग्रंथांत ती टिनोस्पोरा मलबारिका या नावाने भेटते आणि पानाच्या खालच्या बाजूची दाट लव ही तिची सोपी खूण आहे. फुले मिळाली तर भिंगाखाली पाकळ्या मोजाव्यात, कारण गुळवेलीत त्या सहा आणि क्रिस्पामध्ये सहसा तीन असतात.

ही काळजी केवळ वर्गीकरणाच्या हौसेपोटी घ्यायची नाही. २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने आपल्या निवेदनात गुळवेल आणि क्रिस्पा यांची गल्लत होण्याची शक्यता पुढे केली. त्या वादात इथे शिरायचे नाही. परंतु नमुना कोणत्या जातीचा होता हे पुराव्यानिशी सांगता येत नसेल, तर त्याचे रासायनिक विश्लेषण कितीही चांगले असले तरी ते कोणत्याच बाजूने उपयोगी पडत नाही, हे त्या प्रसंगाने पुरेसे दाखवले.

म्हणून विश्लेषणासाठी खोड तोडताना त्याच वेलीची पानाफुलांसह एक फांदी दाबून वाळवावी आणि तिच्यावर तारीख, ठिकाण, आधाराचे झाड आणि वेल नर की मादी याची नोंद करावी. गुळवेलीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात, आणि दोहोंचा अर्क एकत्र केला तर एखादा फरक असला तरी तो कायमचा झाकला जातो. अशी वाळवलेली फांदी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था किंवा मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम यांसारख्या ठिकाणच्या संग्रहाशी ताडून घेता येते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी अशी समजूत सर्वत्र आहे. आधाराच्या झाडाची नोंद असेल तर ती समजूत निदान तपासता तरी येते, नोंदच नसेल तर ती फक्त बोलत राहावी लागते.

वाळलेले तुकडे बाजारातून आणले असतील तर पाने आणि फळे नसतातच. अशा वेळी तुकडा थोडा भिजवून धारदार पात्याने आडवा छेद घ्यावा. गुळवेलीच्या छेदात रुंद मज्जाकिरणांमुळे काष्ठाचे पाचरीसारखे भाग अलग पडतात आणि चाकाच्या आऱ्यांसारखी रचना साध्या डोळ्यांनीही दिसते; आयोडीनचा थेंब टाकल्यास भरपूर स्टार्च असल्यामुळे छेद निळाकाळा होतो. ही रचना तिन्ही जातींत साधारण सारखी असल्याने तिच्यावरून ‘टिनोस्पोरा’ इतकेच म्हणता येते. जातीबद्दल शंका राहिली तर आयटीएस किंवा आरबीसीएल या डीएनएच्या ठरावीक खंडांवरून बारकोड (जात ओळखण्याचा क्रम) करून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

काय शोधायचे आहे

गुळवेलीच्या खोडातून पामॅटीन, जॅट्रोर्हायझीन, बर्बेरीन, मॅग्नोफ्लोरीन आणि टेंबेटारीन ही अल्कलॉइडे नोंदवली गेली आहेत. त्यांच्याबरोबर कोलीन हे लहान चतुर्थक संयुगही असते. पहिली तीन प्रोटोबर्बेरीन गटातली आणि रंगाने पिवळी आहेत. मॅग्नोफ्लोरीन अपोर्फीन गटातले असून त्याला तसा पिवळा रंग नाही. या सर्वांतील नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो आणि तो पीएच बदलल्याने जात नाही, म्हणून अमोनिया घातल्यावर ती क्लोरोफॉर्ममध्ये न जाता पाण्यातच राहतात. बर्बेरीन गटातील संयुगांचा थोडा अंश अल्कलीत रूप बदलून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो, त्यामुळे तो थर कधी कधी फिकट पिवळा दिसतो आणि गोंधळात भर पडते.

क्रिस्पामध्ये पामॅटीन आणि मॅग्नोफ्लोरीन तर मिळतातच, शिवाय एन-फॉर्मिलॲनोनेन, एन-फॉर्मिलनॉरन्युसिफेरीन आणि एन-ॲसिटिलनॉरन्युसिफेरीन ही वेगळ्या स्वभावाची अपोर्फीने तिच्यातून वेगळी काढलेली आहेत. यांतील नायट्रोजन अमाइडमध्ये अडकलेला असल्यामुळे ती आम्लारीसारखी (बेससारखी) वागत नाहीत, विरल अम्लात क्षार बनवून उतरत नाहीत आणि नेहमीच्या अभिकर्मकांना प्रतिसादही जेमतेम देतात. म्हणजे या वेलींचा अर्क नीट तपासायचा तर पाण्यातला चतुर्थक भाग, क्लोरोफॉर्ममधला तृतीयक भाग आणि अम्लात न विरघळलेला उदासीन भाग असे तीन भाग वेगळे राखावे लागतात, आणि एकही टाकायचा नसतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. गुळवेलीचा कडूपणा मुख्यतः कोलंबीन, टिनोस्पोराइड अशा डायटर्पीन संयुगांचा आहे, अल्कलॉइडांचा नाही; त्यामुळे जास्त कडू नमुन्यात अल्कलॉइडे जास्त, असे अनुमान काढता येत नाही. त्याचप्रमाणे गुळवेल सत्त्व हा प्रामुख्याने स्टार्च असतो आणि तो बनवताना पाण्यात विरघळणारे पुष्कळसे घटक निथळीबरोबर निघून जातात, म्हणून सत्त्व हा या तपासणीसाठी योग्य कच्चा माल नाही.

अर्क काढणे

साधारण बोटाएवढ्या जाडीचे खोड धुऊन, बारीक चकत्या करून सावलीत किंवा ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या भट्टीत वाळवावे आणि दळून चाळून घ्यावे. ५ ग्रॅम भुकटी प्रथम पेट्रोलियम ईथरने धुऊन मेद आणि हरितद्रव्य काढून टाकावे आणि ईथर पूर्ण उडू द्यावे. मग ५० मिलिलिटर मिथेनॉल घालून, वर संघनक लावून, वॉटर बाथवर अर्धा तास उकळावे. गाळून उरलेल्या भुकटीवर हीच क्रिया आणखी एकदा करावी. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळे उघडी ज्योत न वापरता हे काम धूर-कपाटातच करावे. दोन्ही गाळिते एकत्र करून ५० अंशांखाली आटवावीत आणि मिथेनॉलचा अंशही राहू देऊ नये, कारण अल्कोहोल राहिले तर मेयर आणि ड्रागेनडॉर्फ यांचे साके विरघळून जातात व परीक्षा खोटी नकारार्थी येते.

उरलेला चिकट अंश १० मिलिलिटर कोमट, १ टक्का सल्फ्युरिक अम्लात ढवळून गाळावा. अनेक ठिकाणी इथे हायड्रोक्लोरिक अम्ल सांगितलेले असते; पण बर्बेरीनचा क्लोराइड क्षार थंड आणि क्लोराइडयुक्त पाण्यात कमी विरघळतो, तो गाळणकागदावरच अडकू शकतो, म्हणून मी सल्फ्युरिक अम्ल पसंत करतो. कागदावर उरलेला भाग क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून ‘उदासीन भाग’ अशी चिठ्ठी लावून ठेवावा. अम्लातील गाळिताचा एक तृतीयांश तसाच बाजूला ठेवावा. बाकीच्यात अमोनिया घालून पीएच ९ ते १० पर्यंत न्यावा, विभाजक नरसाळ्यात तीन वेळा क्लोरोफॉर्मने हलवावे आणि दोन्ही थर जपावेत. नरसाळे जोरात हलवले तर गुळवेलीतील चिकट पॉलिसॅकराइडांमुळे पक्का फेसाळ लगदा होतो, तो तासभर फुटत नाही. हळूहळू उलटेसुलटे करावे. पाण्याचा थर पुन्हा त्याच विरल अम्लाने अम्लीय करून घ्यावा.

परीक्षानळीतील परीक्षा

मेयरच्या अभिकर्मकासाठी १.३६ ग्रॅम मर्क्युरिक क्लोराइड ६० मिलिलिटर पाण्यात आणि ५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, मिसळून, एकूण १०० मिलिलिटर करतात, वॅग्नरसाठी १.२७ ग्रॅम आयोडीन आणि २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड १०० मिलिलिटर पाण्यात घेतात. ड्रागेनडॉर्फसाठी ०.८५ ग्रॅम बिस्मथ सबनायट्रेट १० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक अम्ल आणि ४० मिलिलिटर पाण्यात, तर ८ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड २० मिलिलिटर पाण्यात विरघळवून दोन्ही समभाग मिसळतात. मेयरमध्ये पारा असल्यामुळे वापरलेले द्रव वेगळ्या बाटलीत साठवावे, बेसिनमध्ये ओतू नये.

प्रत्येक भागाचा १ मिलिलिटर वेगवेगळ्या नळ्यांत घेऊन अभिकर्मक थेंबाथेंबाने घालावा. मेयरने पांढरट-दुधी, ड्रागेनडॉर्फने नारिंगी आणि वॅग्नरने तांबूस-तपकिरी साका येतो. अभिकर्मक भरमसाट घातल्यास आलेला साकाही परत विरघळू शकतो. शेजारी दोन नळ्या हव्यातच: एकीत नुसते अम्ल आणि दुसरीत बर्बेरीन क्लोराइडचे विरल द्रावण, किंवा ते नसेल तर दारुहळदीचा तसाच काढलेला अर्क. या दोन नळ्यांशिवाय दिलेला निकाल मी ग्राह्य धरत नाही. गुळवेलीच्या बाबतीत मूळ गाळित आणि पाण्याचा थर ठळक साका देतात आणि क्लोरोफॉर्मचा भाग अम्लात घेतल्यावर मंद प्रतिसाद देतो, असे चित्र दिसायला हवे.

तरीही हा सकारात्मक निकाल म्हणजे अर्धीच गोष्ट आहे. प्रथिने आणि काही इतर संयुगेही असे साके देतात, आणि गुळवेलीत असलेले कोलीन ड्रागेनडॉर्फला प्रतिसाद देते. केवळ नळीतल्या नारिंगी रंगावरून ‘गुळवेलीत बर्बेरीन आढळले’ असे लिहिलेले शोधनिबंध मी वाचले आहेत. तो रंग फार तर ‘चतुर्थक नायट्रोजन असलेले काहीतरी आहे’ एवढेच सांगतो.

पातळ थर वर्णलेखन

खरी ओळख इथून, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या या पद्धतीपासून (टीएलसी), सुरू होते. सिलिका जेल ६० एफ-२५४ चा ॲल्युमिनियमवरील १० बाय १० सेंटिमीटरचा पत्रा घ्यावा. विद्रावक मिश्रण म्हणून एन-ब्युटॅनॉल, ग्लेशियल ॲसेटिक अम्ल आणि पाणी ७:१:२ या प्रमाणात वापरावे. यातील अम्ल वगळले तर चतुर्थक अल्कलॉइडे सिलिकाला चिकटून लांब शेपटीसारखी ओढली जातात. बंद पात्र आत गाळणकागद लावून अर्धा तास संपृक्त होऊ द्यावे. पत्र्यावर तळापासून १ सेंटिमीटरवर गुळवेल, क्रिस्पा आणि सायनेन्सिस यांचे मिथेनॉलमधील अर्क, त्यांच्या शेजारी पामॅटीन, जॅट्रोर्हायझीन, बर्बेरीन आणि मॅग्नोफ्लोरीन यांचे शुद्ध नमुने आणि शेवटी गुळवेलीच्या अर्कावरच पामॅटीन चढवलेला एक पट्टा, असे सुमारे ५ मायक्रोलिटरचे पट्टे द्यावेत. हा शेवटचा, एकावर एक चढवलेला पट्टा सर्वात उपयोगी ठरतो: दोन्ही खरोखर एकच असतील तर ठिपका एकसंध राहतो, नसतील तर तो फुटतो किंवा लांबतो. अर्कातील इतर द्रव्यांमुळे ठिपके थोडे वर-खाली सरकतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या लेखातील आरएफ आकड्याशी (ठिपका द्रवाच्या तुलनेत किती वर चढला याच्या गुणोत्तराशी) तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना त्याच पत्र्यावर, त्याच दिवशी करावी. ब्युटॅनॉल सावकाश चढते, तेव्हा तास-दीड तास हाताशी ठेवूनच सुरुवात करावी.

पत्रा वाळल्यावर फवारणीची घाई करू नये. आधी २५४ नॅनोमीटरखाली गडद दिसणारे ठिपके पेन्सिलीने आखावेत, मग ३६६ नॅनोमीटरखाली चमक पाहावी. पामॅटीन, बर्बेरीन आणि जॅट्रोर्हायझीन तिन्ही पिवळ्या ते हिरवट-पिवळ्या छटेत चमकतात, म्हणून रंगावरून गट कळतो, सदस्य कळत नाही. मॅग्नोफ्लोरीन २५४ खाली गडद दिसते, पण तसे पिवळे चमकत नाही. यानंतर ड्रागेनडॉर्फ फवारावा. त्यासाठी वरील साठ्यातील १ भाग, २ भाग ग्लेशियल ॲसेटिक अम्ल आणि १० भाग पाणी मिसळावे. जो ठिपका अतिनील दिव्याखाली अजिबात दिसला नव्हता, पण फवारल्यावर नारिंगी झाला, तो बहुधा कोलीन असतो, कारण कोलीनला अतिनील प्रकाश शोषण्याजोगी रचनाच नाही. ठिपके फिके असल्यास वरून १० टक्के सोडियम नायट्राइट फवारल्याने ते गडद होतात.

बर्बेरीन आणि पामॅटीन यांची अदलाबदल ही या विषयातील सर्वात सामान्य चूक आहे. बर्बेरीनमध्ये मिथिलीनडायऑक्सी गट आहे आणि पामॅटीनमध्ये त्या जागी दोन मिथॉक्सी गट आहेत, एवढाच दोघांतला फरक. याचा फायदा घेणारी जुनी, साधी परीक्षा म्हणजे लाबाची परीक्षा: मोठ्या पत्र्यावरून खरवडून पुरेसा जमवलेला पदार्थ गॅलिक अम्ल आणि संहत सल्फ्युरिक अम्लाबरोबर वॉटर बाथवर तापवल्यास मिथिलीनडायऑक्सी गट असताना हिरवा रंग येतो. शेजारी शुद्ध बर्बेरीन आणि शुद्ध पामॅटीन यांच्या नळ्या ठेवल्या तरच ती वाचता येते. क्रिस्पातील एन-फॉर्मिलॲनोनेनमध्येही हाच गट असल्यामुळे उदासीन भागावर ती करून ‘बर्बेरीन’ असा निष्कर्ष काढू नये.

उदासीन भागासाठी वरचे ब्युटॅनॉलचे मिश्रण निरुपयोगी आहे. त्या भागातले घटक या मिश्रणात जवळजवळ द्रवाच्या टोकाबरोबर धावतात. त्याला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५:५ असे मिश्रण घेऊन २५४ नॅनोमीटरखाली तपासावे, आणि गुळवेल व क्रिस्पा यांचे उदासीन भाग शेजारी-शेजारी ठेवावेत.

उपकरणावरचा टप्पा

एचपीएलसी (उच्च दाबाने द्रव ढकलून घटक वेगळे करणारे उपकरण) उपलब्ध असल्यास सी-१८ स्तंभ आणि ०.१ टक्के फॉर्मिक अम्ल घातलेले पाणी व ॲसिटोनायट्राइल यांचा क्रमाने वाढता प्रवाह पुरेसा होतो. डायोड-ॲरे शोधकावर (जो प्रत्येक शिखराचा अतिनील-दृश्य वर्णपट नोंदवतो) प्रोटोबर्बेरीनांची शिखरे २६५, ३४५ आणि ४२० नॅनोमीटरच्या आसपास उच्चांक दाखवतात. मॅग्नोफ्लोरीनला दृश्य पट्ट्यातील तो शेवटचा उच्चांक नसतो. पामॅटीन आणि बर्बेरीन एकमेकांना खेटून बाहेर पडतात, त्यामुळे इथेही नमुन्यात शुद्ध पदार्थ मिसळून कोणते शिखर वाढते ते पाहावे.

वस्तुमान वर्णपटात एक बारकी गोष्ट विसरली जाते. चतुर्थक अल्कलॉइडांवर भार मुळातच असल्याने त्यांचे आयन प्रोटॉन न घेता जसेच्या तसे दिसतात. सॉफ्टवेअरला प्रोटॉनयुक्त आयन शोधायला सांगितले तर ते एका एककाने चुकते आणि भलतेच नाव सुचवते. बर्बेरीन ३३६, जॅट्रोर्हायझीन ३३८, मॅग्नोफ्लोरीन ३४२, टेंबेटारीन ३४४ आणि पामॅटीन ३५२ या वस्तुमान-भार गुणोत्तरांवर (m/z) शोधावे. याउलट क्रिस्पातील अमाइडे प्रोटॉन घेऊनच दिसतात: एन-फॉर्मिलॲनोनेन २९४, एन-फॉर्मिलनॉरन्युसिफेरीन ३१० आणि एन-ॲसिटिलनॉरन्युसिफेरीन ३२४. विखंडनावरून, म्हणजे आयनाचे तुकडे कसे पडतात त्यावरून, गट पक्का होतो. मॅग्नोफ्लोरीन डायमिथिल अमाइन गमावून ३४२ वरून २९७ वर आणि पुढे मिथेनॉल गमावून २६५ वर येते, तर प्रोटोबर्बेरीने मिथिल गट सोडतात, म्हणून पामॅटीनचे ३३७ आणि बर्बेरीनचे ३२१ असे तुकडे दिसतात. ३३८ वर दिसलेले शिखर जॅट्रोर्हायझीनच असेल असे नाही; कोलंबामीन हा त्याचा समघटक तंतोतंत तेवढ्याच वस्तुमानाचा आहे आणि शुद्ध नमुन्याशी ताडल्याशिवाय दोघे वेगळे सांगता येत नाहीत.

निकाल लिहिताना प्रत्येक नावापुढे ते कशावरून ठरवले हे नोंदवावे. शुद्ध नमुन्याबरोबर धारणकाल (स्तंभातून बाहेर पडायला लागलेला वेळ), अतिनील वर्णपट आणि विखंडन तिन्ही जुळले असतील तर ‘पामॅटीन’ असे लिहावे. फक्त वस्तुमान आणि विखंडन जुळले असेल तर ‘३३८, जॅट्रोर्हायझीन किंवा कोलंबामीन’ असे. आणि नुसती नळीतली परीक्षा झाली असेल तर ‘ड्रागेनडॉर्फला सकारात्मक, संयुग अनिश्चित’ असे. त्याच ओळीत वाळवलेल्या फांदीचा संग्रह-क्रमांक, वेल नर की मादी, तोडणीचा महिना आणि आधाराचे झाडही यावे.